स्टील गिटारला प्रोसेसर घेऊन राहिले? मग हे आधी ऐका

राम राम मंडळी. मांडीवर आपली हवाईयन म्हणजेच स्टील गिटार, समोर पाटावर प्रोसेसर म्हणजे आवाजाला इफेक्ट लावायचे मशीन, आणि मागे घुर्रर्र वाजते तो शेजारच्या वावरातला मोटरपंप आहे. लाईन आत्ताच आली. ओलित थांबवा असे काही कोणाला म्हणता येत नाही, म्हणून तेवढे सांभाळून घ्या.

विषय असा की भजन मंडळातले, ऑर्केस्ट्रातले बरेच जण विचारतात, "भाऊ, स्टीलसाठी कोणता प्रोसेसर घेऊ?" आणि सोबत फोटो पाठवतात. फोटोत खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, इतके शे इफेक्ट. राजेहो, त्यातले आपल्याला लागतात पाच. रिव्हर्ब (गुंज), डिले (पडसाद), इक्वलायझर (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारा), हलका कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) आणि एखादा स्वच्छ अँप मॉडेल (गिटार अँपची नक्कल). बाकीचे डिस्टॉर्शन, फ्लँजर, ऑटो-वॉ लीड गिटारवाल्या पोरांसाठी ठेवा.

काहून म्हणतो ते ऐका. स्टीलची मजा बारच्या, म्हणजे तारांवर सरकवायच्या स्टीलच्या दांडीच्या, घसरणीत आहे. मींड आहे, हाताचे कंपन आहे. आवाज हलवायचे काम हात करूनच राहिला आहे, त्यावर मशीनने पुन्हा कोरस (सूर हलवणारा इफेक्ट) लावून हलवले की सूर कुठे आहे तेच कळत नाही. वॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली या नामी स्टीलवाल्यांच्या वाजवण्यात गाणे शब्दांशिवाय ओळखू येते ते त्या घसरणीमुळेच. आणि आपले वाद्य कोण्या मागासलेल्या घरचे नाही बरे का! बाजारात विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ सालची रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन', मांडीवर ठेवून वाजवायचीच होती. उभे राहून वाजवणारे मागून आले.

आता निवड. पहिले पाहायचे ते आवाज लहान-मोठा करणारा पायाचा पेडल. स्टीलवाल्याचा अर्धा आवाज पायात असतो. तार छेडताना पेडल अर्धाच दाबलेला ठेवायचा, आणि सूर विझत चालला की हळूहळू पुढे दाबत जायचे. ऐका.

(वाजवतो: आधी पेडलशिवाय एक लांब सूर, मग तोच सूर पेडल दाबत.)

फरक कळला? म्हणून पेडल अंगचाच असलेले मशीन घ्या, किंवा बाहेरचा पेडल जोडता येईल असे. बॉसचा जीटी-१ आणि झूमचा जी१एक्स फोर, या दोघांत पेडल आहे. दोन्ही चार पेन्सिल सेलवरही चालतात. गावात ही गोष्ट फार मोठी आहे, त्यावर येतोच. महागड्या मशीनला माझा विरोध नाही, पण मंडपाच्या कॉलमातून, म्हणजे स्पीकरांतून, तो महागपणा बाहेर येतच नाही.

दुसरे, तुमच्या गिटारला पिकअप (तारेचा आवाज पकडून केबलमध्ये पाठवणारा भाग) कोणता आहे? आपल्याकडे साध्या ॲकॉस्टिकला उंच नट (तारा वर उचलून धरणारा तुकडा) बसवून हवाईयन केलेली असते, आणि भोकात मॅग्नेटिक पिकअप. त्यात तारा कांस्याच्या असल्या तर जाड तारा दबक्या आणि वरच्या दोन साध्या तारा किंचाळतात, कारण कांस्याच्या वेढ्याला चुंबक धरत नाही. हा दोष प्रोसेसरने जात नाही. निकेलच्या तारा टाका. प्रोसेसरपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होते.

मॅग्नेटिक पिकअपची पिन थेट मिक्सरच्या लाईनमध्ये खोचली की आवाज मेल्यासारखा येतो. पिकअपला समोर साधारण १ मेगाओहमचा इनपुट पाहिजे आणि मिक्सरची लाईन असते काही हजार ओहमची, म्हणून वरचा सगळा खुलेपणा खाल्ला जातो. प्रोसेसरचा गिटार इनपुट तेवढ्या ताकदीचा असतो. इफेक्ट एकही चालू केला नाही तरी आवाज उघडतो तो यामुळे.

आता सेटिंग. क्रम असा ठेवा: कॉम्प्रेसर, अँप, इक्वलायझर, मग व्हॉल्यूम पेडल, त्याच्या पुढे डिले, शेवटी रिव्हर्ब. पेडल डिलेच्या आधी काहून? पाय उचलला की तुमचा सूर थांबतो, पण मागची गुंज आपली आपण विरते. पेडल सगळ्यात शेवटी असला तर पाय उचलताच गुंजही कापली जाते, मान मुरगाळल्यासारखी. मशीनच्या मेनूत पेडलची जागा कुठे आहे ते आधी शोधा.

कॉम्प्रेसर २:१, फार तर ३:१. त्याच्यावर गेलात की जाड तारेवरून बार सरकतानाचा किर्र आवाज गाण्याच्या वर येतो.

नॉइज गेट (बारीक आवाज आला की तो कापणारा इफेक्ट) बंद. अगदी बंद. कंपनीने भरलेल्या बहुतेक सेटिंगमध्ये तो चालू असतो, आणि स्टीलचा सूर शेवटी बारीक होत जातो तिथे तो दार लावून घेतो. सूर विरायच्या जागी तुटतो, आणि माणूस समजतो पिकअप खराब झाला.

इक्वलायझरमध्ये ८०० हर्ट्झच्या आसपास थोडे खाली करा, नाकातला आवाज जातो. मग २ ते ४ किलोहर्ट्झ कानाने पाहा. खंजिरीवर भजन असेल, राष्ट्रसंतांच्या भजनांना असतेच, तर झांजांची झणझण वर भरलेली असते. तिथे स्टीलचे ट्रेबल कमी केले की दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. खंजिरीशी भांडायचे नाही, ती जिंकते.

डिले हा स्टीलमधला खरा घातकी. साध्या गिटारवर सूर एका जागी उभा असतो, त्याचा पडसादही त्याच सुरात येतो. आपण घसरत असतो. आपण पंचमावर पोचलो तरी मागून पडसाद मध्यमाचा येत राहतो, आणि श्रोत्याला वाटते गिटार बेसूर आहे. म्हणून मिक्स, म्हणजे पडसादाचा वाटा, १५ ते २० टक्के, पडसाद एक, फार तर दोन. वेळ लयीवर बसवा: ६०,००० ला मिनिटाच्या ठोक्यांनी भागायचे. ७५ च्या लयीला ८०० मिलिसेकंद, हे लांब वाटले तर अर्धे, ४००. हिशेब नको असेल तर टॅप बटण पायाने ठेक्यावर दाबा.

(तीच ओळ दोनदा: आधी पाच-सहा पडसाद, मग एक.)

रिव्हर्ब जागेवर ठरतो. उघड्या मैदानातल्या मंडपात भिंतीच नाहीत, तिथे हॉल रिव्हर्ब दोन सेकंदांचा चालतो. टिनाच्या समाजभवनात जवळपास बंद करा, टिन फुकटात देते. म्हणून हेडफोनवर रात्रभर बसून केलेली सेटिंग मंडपात जशीच्या तशी वापरू नका. कॉलम लागले की दहा मिनिटे मागून घ्या. साऊंडवाला कुरकुर करतो, चहा पाजा.

त्याच्या मिक्सरमध्ये जाताना कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू, गिटार अँपमध्ये जाताना बंद. आउटपुट मोनोचा घ्या. बरेच मंडप एकाच बाजूने वाजतात, डावी-उजवीकडे पळणारा डिले तिथे अर्धा हरवतो. मिक्सर लांब असेल तर डीआय बॉक्स (लांब केबलमधून आवाज स्वच्छ पाठवणारी डबी) मागा.

आता लाईटचे. रात्रीच्या कार्यक्रमात जनरेटर आणि इन्व्हर्टर दोन्ही येतात, आणि अर्थिंगच्या नावाने बहुतेक ठिकाणी शून्य. घूंऽऽ असा आवाज आला तर अडॅप्टर काढून सेलवर या, पुष्कळदा तिथेच जातो. पण एक पक्के ध्यानात ठेवा: तारेला हात आणि माईकला ओठ लागून झिणझिणी आली तर वाजवणे थांबवा. सेलवर असलात तरी मिक्सरच्या केबलमधून करंट येऊ शकतो. साऊंडवाल्याला अर्थिंग दाखवायला लावा, मग बसा.

आणि अडॅप्टर घरी विसरला तर कीबोर्डवाल्याचा लावू नका. प्रोसेसरला बहुधा ९ व्होल्ट आणि पिन आतून मायनस लागते. बऱ्याच कीबोर्डचा १२ व्होल्टचा असतो, आतून प्लस. भोकात बसते छान, पण मशीन जाते.

थंडीत पहाटेपर्यंत कार्यक्रम चालला की तारा आखडतात, पट्टी वर सरकते. दोन भजनांच्या मध्ये ट्यूनर उघडून पाहत राहा.

एकाने विचारले होते, मोबाईलवरचे ॲप लावून नाही भागत का? घरी रियाजाला भागते, खुशाल वापरा. मंडपात लावायचेच असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन आरतीत मेव्हण्याचा फोन चारही कॉलमांतून वाजेल.