दुतोंड्या मारुती आणि चहावाल्यांचा संगणक

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की बातम्यांत आकडा येतो, इतके हजार क्युसेक. भांडी बाजारातला, सराफ बाजारातला दुकानदार तो आकडा ऐकतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" हा मारुती म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. उत्तर मिळालं की ठरतं, खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा की सरळ शटर ओढायचं. क्युसेक हा आकडा झाला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, ही माहिती झाली. ज्यावरून पुढचं काम ठरतं ती माहिती. आणि कोणी, काय, केव्हा टिपायचं, ते कोणाला कधी दिसायला हवं, ही सगळी व्यवस्था म्हणजे धंद्याची माहिती प्रणाली. शब्द जरा सरकारी आहे, चालवून घ्या.

आता एक गोष्ट ऐका. धंद्याच्या रोजच्या कामाला संगणक पहिल्यांदा जुंपला तो चहावाल्यांनी!

लंडनची जे. लायन्स आणि कंपनी. चहाची दुकानं, सोबत स्वतःच्या बेकरीतले पाव, बन, केक. त्या चहात ना आलं, ना वेलची, त्याला चहा का म्हणायचं हा वाद आज बाजूला ठेवू. पण चहा-बनमध्ये एका गिऱ्हाइकामागे सुटणार किती? थोडे पेनी. आणि त्या पेनींचा हिशेब ठेवायला कारकुनांची फौज. १९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी कचेरीच्या कामाच्या नव्या पद्धती बघायला अमेरिकेला गेले. तिथं त्यांना कळलं की असं गणितयंत्र त्यांच्याच देशात, केंब्रिजला बनतंय. काखेत कळसा! कंपनीनं केंब्रिजला ३,००० पौंड दिले, मदतीला आपला एक माणूस दिला. ते यंत्र मे १९४९ मध्ये चाललं. मग त्याच धर्तीवर लायन्सनं स्वतःचं यंत्र बांधलं. नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. जुन्या रेडिओत असायचे तसे सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, आणि स्मरणशक्ती कुठे, तर पाऱ्यानं भरलेल्या नळ्यांत. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओ बेकरीच्या हिशेबाला बसला. पुढे पगारपत्रकं. एका माणसाचा पगार काढायला कारकुनाला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

दीड सेकंदाचं कौतुक सगळेच करतात. मला आवडतो तो पुढचा भाग. १९५४ पासून दुकानांची रोजची मागणी लिओवर आली. प्रत्येक दुकानाची, आठवड्याच्या प्रत्येक वाराची मागणी आधीच ठरलेली, कार्डांवर तयार; यंत्राला वाचता यावी म्हणून भोकं पाडून नोंदलेली. सोमवारची वेगळी, शनिवारची वेगळी. दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी पूर्ण यादी लिहायचीच नाही. फोनवर फक्त बदल सांगायचा. बन दोन डझन वाढवा, अमका केक उद्या नको. पलीकडची मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकताच कार्डाला भोकं पाडायची. मधला कागद गेला, त्यासोबत नकलेतल्या चुकाही गेल्या. त्याच कार्डांवरून बेकरीला कळायचं किती भाजायचं, आणि कोणत्या दुकानाला काय धाडायचं.

फक्त बदल सांगायचा. पुन्हा सांगतो, फक्त बदल सांगायचा.

हे यंत्राला सुचलेलं नाही बरं का. १९३०च्या दशकापासून या कंपनीत एक वेगळा विभाग होता, त्याचं काम एवढंच, कचेरीतलं कोणतं काम कसं आणि कशासाठी होतं ते तपासायचं. कागदावरची पद्धत नीट बसवल्यावर संगणक आला. आपल्याकडे आधी संगणक येतो, त्याला हार घालतात, कीबोर्डात उदबत्तीची राख पडते, आणि मग विचारतात, यात भरायचं काय?

तर नाशिकचंच घ्या. मिसळीचं हॉटेल. मंगळवार आणि रविवार यांची बरोबरी होत नाही. सात वारांच्या सात याद्या करा: पाव, मटकी, फरसाण, कांदा, दही. आदल्या रात्री फक्त बदल टिपा. आणि एक गोष्ट बिलाच्या मशीनमध्ये कधीच येत नाही, ती हातानं लिहा: काय संपलं आणि किती वाजता. पाव साडेअकराला संपले, तर त्यानंतर परत गेलेलं गिऱ्हाईक विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. आकडा म्हणतो, एवढेच पाव खपतात. पुढच्या रविवारी तुम्ही तेवढेच मागवता. मिसळीसोबत जिलेबी हवीच का, हे मला अजून पटलेलं नाही, पण तिचीही नोंद ठेवा.

चिवड्याचा कारखाना असेल तर साधा हिशेब. पोह्याच्या रोज ३ गोण्या लागतात, माल यायला ४ दिवस, वर २ दिवसांची सवड. ३ गुणिले ६, अठरा. अठरा गोण्या उरल्या की मागणी गेली पाहिजे. संगणक ही आठवण देतो, पण गोण्यांचा आकडा खरा असेल तरच. तो बिघडतो कशानं? बहुतेक वेळा नावानं. एकानं "जाड पोहे" भरलं, दुसऱ्यानं "पोहे जाड", तिसऱ्यानं "पोहा थिक". माल एक, खाती तीन. एका खात्यात चाळीस गोण्या, दुसऱ्यात उणे बारा. म्हणून नवा माल नोंदवायचा अधिकार एकाच माणसाला द्या. एका मालाला एकच नाव, एकच माप. गोणी म्हणजे किती किलो, तेही तिथंच भरा. एका मालाला एकच नाव, हे लिहून ठेवा.

वर्षातून एकदा दिवाळीला सगळा साठा मोजण्यापेक्षा रोज दहा वस्तू मोजा. फरक सापडला तर तो कालचा असतो, कारण सांगणारा माणूस समोर असतो. नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका. फुटलं, सांडलं की बिलाशिवाय गेलं, ते लिहा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा, नाहीतर सगळं "ॲडमिन"नं केलेलं दिसतं.

जीएसटीचं थोडक्यात. पुरवठादारानं तुमचं बिल पोर्टलवर चढवलं नाही, तर १४ तारखेला येणाऱ्या २बीमध्ये, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, ते दिसत नाही आणि कराची वजावट अडकते. १४ला जुळवायला बसा, दरमहा भरणाऱ्यांना २०ला ३बी, म्हणजे कराचं विवरणपत्र, भरायचं असतं.

राहिला बॅकअप. रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवर, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, कारण न उघडणारी प्रत गरजेच्या दिवशीच कळते. पेनड्राइव्ह घरी न्या. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या बाजारात पाणी शिरलं होतं. गल्ल्याच्या खणात पेनड्राइव्ह आणि त्याखाली संगणक, अशी मांडणी असेल तर पाणी दोघांनाही एकदमच भेटतं.

नमस्कार.