मंडळात फोटो कुणाचा?

मंडळी, नमस्कार. जेवणाआधी भाषण ठेवणारी आपली कमिटी धन्य आहे. पाच मिनिटांत आटोपतो म्हटलं, तर आमच्या घरचे आत्ताच हसायला लागले.

परवा नात शाळेतून आली. तिच्या मेलबर्नच्या शाळेत दारातच एका बाईंचा फोटो आहे. कुणी त्रास दिला तर यांना सांगायचं. तिनं विचारलं, ‘आजोबा, मंडळात फोटो कुणाचा आहे?’ म्हटलं, बाप्पाचा, महाराजांचा, आणि एक माझा, कीर्तनात घोरतानाचा. ती हसली नाही.

त्यावरून घरात जुंपली. सूनबाई म्हणाली, रविवारच्या मराठी शाळेत राबणाऱ्या प्रत्येकाकडे ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी तपासणी, हवाच. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘आपलीच माणसं, त्यांच्याकडे कसले कागद मागायचे?’

इथल्या चर्चनाही हेच वाटत होतं. २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन चाललं, संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची सरकारी चौकशी. आठ हजारांवर लोकांनी आपबीती सांगितली. कित्येकांनी लहानपणीच तोंड उघडलं होतं. वरिष्ठांनी फादरची बदली केली आणि प्रकरण मिटवलं. ‘ते त्यांच्यात’ म्हणू नका. न्यू साउथ वेल्समधल्या मँग्रोव्ह माउंटनच्या योगाश्रमाचीही सुनावणी झाली. भगवी वस्त्रं, आपलीच आसनं.

आता आपल्या व्हिक्टोरिया राज्यात सोळा वर्षांखालच्या मुलावर मोठ्या माणसानं लैंगिक अत्याचार केलाय असं मानायला जागा असूनही सबळ कारणाशिवाय पोलिसांना कळवलं नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा २०१४चा, आणि तो फक्त शिक्षकांना नाही, तुम्हाआम्हालाही आहे. २०२०पासून धर्मगुरूंनाही कळवणं सक्तीचं, अगदी कन्फेशनमध्ये, म्हणजे चर्चमधल्या गुप्त पापकबुलीत, कानावर आलेलंसुद्धा.

तिकडे भारतात पॉक्सोतही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातही, कळवण्याचं हे बंधन २०१२पासून आहे. २०२४मध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारावरून लोक रुळांवर उतरले, तेव्हा आपले ग्रुप रात्रभर पेटले होते. त्याच ग्रुपवर सेक्रेटरींनी चेकची लिंक टाकली, तर आले नुसते अंगठे! नातीला काय सांगू, अंगठ्यांचा फोटो लावलाय म्हणून?

शिवाय चेक ही चाळणीच. आधी नोंद झालेलाच तिच्यात अडकतो. कुणीच कुठे न कळवलेलं तिला कुठून कळणार? उद्या एखाद्या पोरानं नाव घेतलं आणि ते निघालं आपल्या भजनातल्या पेटीवाल्याचं, तर आपण आधी फोन पोलिसांना करू, की त्याच्या घरी? नातीनं अजून हे विचारलेलं नाही. विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.