रियुनियनचा लाव्हारस्ता आणि आपला काळा कातळ

(दृश्य: चालत्या गाडीच्या काचेतून दिसणारा समुद्राकाठचा डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना काळा दगड.)

डावीकडे हिंदी महासागर, उजवीकडे ढगात गेलेला ज्वालामुखीचा डोंगर. मधल्या या रस्त्यावर लाव्हा अनेकदा येऊन गेला आहे. लाव्हा थंड झाला की लोक त्याच्यावरूनच नवा रस्ता काढतात आणि पुन्हा गाड्या चालू होतात.

हे रियुनियन, मॉरिशसच्या नैर्ऋत्येला असलेलं फ्रान्सचं बेट. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा. साताऱ्यातले आम्ही काही भूगोलाचे शिक्षक आणि गडकोट फिरणारे मित्र दिवाळीच्या सुट्टीत इथे आलो. सँ-दनीला, इथल्या राजधानीत, भाड्याची गाडी घेतली आणि पूर्व किनाऱ्याने निघालो. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. ते अंगवळणी पडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस लागला, तोडणी चालू असलेला. उसाच्या फडामागे रंगीत गोपुराचं देऊळ दिसलं. इथल्या मळ्यांवर राबायला आणलेल्या तमिळ मजुरांच्या वंशजांची ही देवळं आहेत.

(दृश्य: चर्चचा दरवाजा, दोन्ही बाजूंना गोठलेला लाव्हा.)

सँत-रोझजवळचं हे चर्च. एप्रिल १९७७मध्ये लाव्हा नेहमी ज्या दरीतून वाहतो तिच्याबाहेर फुटला आणि वस्तीत उतरला. चर्चच्या दारापर्यंत आला, दोन्ही अंगांनी पुढे गेला, भिंती मात्र उभ्या राहिल्या. गावातली घरं गेली, माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली.

आता रस्त्याच्या कडेचे फलक बघा. मोठी नक्षी नाही, फार मजकूर नाही. हा प्रवाह कोणत्या वर्षी इथून गेला, तेवढं लिहिलेलं. २००४. थोडं पुढे गेलं की २००७. आम्ही प्रत्येक फलकापाशी गाडी थांबवली, कारण दोन फलकांमधला फरक डोळ्यांना दिसतो.

(दृश्य: कॅमेरा जमिनीलगत. राखाडी शेवाळासारखा थर, मग नेचे, मग झुडपं.)

नवा लाव्हा कोळशासारखा काळा असतो. काही वर्षांत त्याच्यावर राखाडी-पांढरा थर चढतो. ते शेवाळ नव्हे, दगडफूल. दगडावर पहिलं तेच टिकतं. मग भेगांत ओल आणि धूळ साचते, तिथे नेचे येतात. नेचे कुजून चिमूटभर माती झाली की झुडपं येतात आणि झुडपांच्या आडोशाने झाडं. हा किनारा पावसाचा असल्यामुळे हे सगळं वेगाने घडतं. जुन्या प्रवाहांवर आता रान आहे, नवे अजून उघडे आहेत. दगडाची माती कशी होते, हे आपण वर्गात फळ्यावर शिकवतो. इथे ते गाडीतून उतरून, वर्षांच्या क्रमाने बघता येतं.

पृष्ठभागही नीट बघा. कुठे लाव्हा दोरखंडाच्या वळ्यांसारखा गोठला आहे, कुठे नुसते खरबरीत, धारदार ढेकूळ. पातळ लाव्हा सावकाश वाहिला की वळ्या पडतात. घट्ट होत गेलेला किंवा जोरात वाहिलेला लाव्हा वरून फुटत जातो, त्याचे ढेकूळ होतात.

२००७चा उद्रेक मोठा होता. लाव्हा समुद्रात उतरला, रस्ता गाडला गेला आणि वर, शिखरावरच्या दोलोमियू विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली बसला.

(दृश्य: पहाटेचा अंधार, गाडीचे दिवे. मग लालसर काळं, उघडं पठार.)

ज्वालामुखीकडे जायचं तर पहाटे निघावं लागतं, सकाळ चढली की ढग वर येतात. बूर-म्युरा गावात ज्वालामुखीची वेधशाळा आहे. १९७७च्या उद्रेकानंतर, १९७९मध्ये ती सुरू झाली. तिथून रस्ता कुरणांमधून चढतो, गायी दिसतात, आणि एका वळणानंतर हिरवळ संपते. हे प्लेन दे साब्ल. डांबर संपून खडीचा रस्ता लागतो. पलीकडे पा द बेलकोंबचा कडा, उंची २,३०० मीटरच्या वर. खाली पसरलेल्या दरीत उभा आहे पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक.

याच वाटेवर कोमेर्सों नावाचं जुनं विवर लागतं. फेब्रुवारी २००७मध्ये गामेद चक्रीवादळात इथे ७२ तासांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस पडला, हा जागतिक विक्रम आहे. आपल्या महाबळेश्वरला वर्षभरात साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पडतो. अशा पावसाने बेटाचा जुना, शांत झालेला ज्वालामुखी आतून कोरून काढला आहे. त्या कोरलेल्या खोऱ्यांपैकी सिलाओसला घाटरस्ता जातो, चारशेहून अधिक वळणांचा. वर मसूर पिकतो. भाताबरोबर मसुराची वाटी समोर आली, तेव्हा सगळ्यांना इस्लामपूरकडचा अख्खा मसूर आठवला.

(दृश्य: अजिंक्यतारा. लिंबची बारामोटेची विहीर. आंबेनळी घाटाची कापलेली कडा.)

आणि हा आपला दगड.

अजिंक्यताऱ्याचा कडा, लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचे चिरे, घरातला पाटा-वरवंटा, शेताच्या बांधावरचा धोंडा, सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगड. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, की रियुनियनखाली आज जो तप्त स्रोत आहे, ज्याला आपण हॉटस्पॉट म्हणतो, त्याच्याच वरून साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचं भूखंड सरकत होतं. तेव्हा आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो. जमीन लांबच लांब भेगांतून उलली. शंकूसारखा डोंगर झाला नाही, लाव्हा पाण्यासारखा पसरला, थंड झाला, पुन्हा पसरला. त्या थरांचा आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. भूखंड उत्तरेला सरकत राहिलं, स्रोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस या त्याच्या वाटेवरच्या खुणा. आज साताऱ्यापासून तो साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे आणि अजून पेटलेला आहे.

आंबेनळी घाटात महाबळेश्वरहून उतरताना ही कडा बघा. काळा थर, मध्ये लाल पट्टा, पुन्हा काळा थर. खालचा लाव्हा थंड झाला, उन्हापावसात वरून कुजला, त्याची माती होऊ लागली. मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजली. दोन उद्रेकांच्या मधली शांतता किती काळ टिकली असेल, याचा हा लाल पट्टा पुरावा. रियुनियनला आम्ही दगडफूल आणि नेचे बघितले, ते काम इथेही झालं होतं. वरच्या लाव्हाने ते झाकलं आणि जपलं. डोंगराच्या माथ्यावर, कास आणि पाचगणीला, पुढे लाखो वर्षं झिजून जांभा झाला. कासची फुलं त्याच जांभ्यावरच्या बोटभर मातीत येतात. २०१२मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास आहे. रियुनियनचे डोंगर त्या यादीत २०१०मध्येच गेले.

खडीसाठी सुरुंग लागतात, रुंदीकरणात घाटाच्या कडा काँक्रीटखाली जातात आणि असा थर एकदा गेला की पुन्हा दिसत नाही.

तिकडे पन्नास वर्षांच्या आतल्या दगडालाही वर्षाचा फलक आहे. आमची मागणी तेवढीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या घाटांत, जिथे हे थर रस्त्यावरून दिसतात तिथे फलक लावा, आणि ती कडा लिंपू नका. पहिला फलक आंबेनळीत, प्रतापगडाच्या फाट्याआधी, लाल पट्टा डोळ्यांच्या उंचीवर येतो त्या वळणाजवळ लावावा. मजकूर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे एसटीच्या खिडकीतूनही वाचता येईल: ‘बेसाल्ट. लाव्हाचे थर. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे.’