नाव लिहिणारी पोरं आणि न्यूयॉर्कच्या गाड्या

[कॅमेऱ्यासमोर. हातात करकटक.]

हे ओळखलंत? करकटक. कंपासपेटीतली ही एकच वस्तू अशी, की भूमितीच्या तासापेक्षा बाकीच्या तासांना जास्त कामाला यायची. आठवीत मी याच्या टोकाने बाकावर नाव कोरलं होतं. नुसतं नाव, खाली ‘८ ब’. मला चित्र काढता येत नव्हतं, शाळेवर राग नव्हता, बदाम काढावा असंही कुणी नव्हतं. मग कोरलं कशाला? वर्गशिक्षकांनी छडी हातात घेऊन हेच विचारलं होतं आणि मला उत्तर सुचलं नव्हतं.

नमस्कार मंडळी. उत्तर मला खूप उशिरा सापडलं, आणि तेही न्यूयॉर्कच्या सबवेत, ग्राफिटीच्या म्हणजे भिंतींवर-गाड्यांवर नावं लिहिण्याच्या गोष्टीत. सबवे म्हणजे पहिल्या पावसात तुंबतो तो आपला अंधेरीचा नव्हे. तिकडे सबवे म्हणजे भुयारी रेल्वे, जी शहराच्या बऱ्याच भागात पुलावरून उघड्यावरच धावते. हे उघड्यावर धावणं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

[स्क्रीनवर अक्षरं: टाकी १८३]

२१ जुलै १९७१. न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की शहरभर एकच नाव दिसतंय, टाकी १८३. भिंतींवर, स्टेशनांत, गाडीच्या डब्यांत. वार्ताहराने शोध घेतला तर निघाला वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहणारा एक ग्रीक मुलगा. नाव दिमित्रियस, घरी हाक टाकी, आणि राहायला १८३व्या रस्त्यावर. पाकिटं पोचवण्याच्या कामासाठी तो दिवसभर शहर पालथं घालायचा. खिशात जाड मार्कर. जिथे पाकीट, तिथे सही. कल्पना मुळात त्याची नव्हतीच. त्याच्या आधी ‘हुलिओ २०४’ नावाचा मुलगा हेच करत होता, पण आपल्या वस्तीपुरतं. त्याच्याही आधी, १९६७च्या सुमारास, फिलाडेल्फियात ‘कॉर्नब्रेड’ने शहर रंगवलं होतं. टाकीचं वेगळेपण एवढंच की त्याची नोकरी फिरतीची होती.

आपल्याकडे पाथरवटाच्या हत्याराला टाकी म्हणतात. निव्वळ योगायोग आहे, पण मला फार आवडतो.

त्याच बातमीत रेल्वेवाल्यांनी हिशोब दिला होता की हे पुसायला वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर लागतात. आणि टाकीने उलटा प्रश्न टाकला होता की निवडणुकीच्या वेळी उमेदवारांची माणसं सगळ्या सबवेत स्टिकर चिकटवतात, त्यांना कुणी का धरत नाही? गरिबाच्याच मागे का लागता?

[थांबून, खिडकीकडे बघत]

माझ्या खिडकीतून चौक दिसतो. चौकात फ्लेक्स आहे. एका भाऊंचा वाढदिवस आणि खाली पंधरा शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे. मी काही बोलत नाही, पुढे जाऊ.

बातमीचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका पोराचं नाव टाइम्समध्ये छापून आलं म्हटल्यावर शेकडो पोरांनी मार्कर उचलले. आता गंमत बघा. दहा नावं असतात तेव्हा नुसतं लिहिलं तरी दिसतं. हजार नावं झाली की लिहून भागत नाही, वेगळं दिसावं लागतं. कला इथून सुरू झाली. कुणी ठरवून केली नाही, ती गर्दीने करायला लावली.

[स्प्रेचा डबा दाखवत]

रंगाच्या डब्यावरचं हे बटण, याला कॅप म्हणतात. डब्यासोबत येते ती बारीक असते, रेघ येते बोटाएवढी. तिने गाडीच्या डब्याची अख्खी बाजू भरायची तर उजाडेल. १९७२च्या सुमारास ब्राँक्सच्या ‘सुपर कूल २२३’ने घरातल्या साफसफाईच्या स्प्रेची कॅप काढून रंगाच्या डब्यावर बसवली. [कॅप बदलतो, पुठ्ठ्यावर फवारतो] बघा, एका फटक्यात पंजाएवढा रुंद ढग. याला म्हणतात फॅट कॅप. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्याने अक्षराला अंग आलं. त्याच काळात ‘फेज टू’ने फुगलेली, मऊ, बुडबुड्यासारखी अक्षरं काढली. मग अक्षरं एकमेकांत घुसली, त्यांना बाण फुटले, आणि शेवटी अशी वाइल्ड स्टाइल आली की परक्याला एक अक्षर लागायचं नाही.

हो, आणि ही पोरं स्वतःला चित्रकार म्हणत नव्हती. ‘रायटर’ म्हणायची. लिहिणारे. साधी सही म्हणजे टॅग. झटपट दोन रंगांत काढलेलं मोठं नाव म्हणजे थ्रो-अप. वेळ काढून, रंग भरून, सावल्या देऊन केलेलं काम म्हणजे पीस. नवशिका तो टॉय. भारी माणसाच्या पीसवर टॉयने टॅग मारला की भांडण ठरलेलं.

ब्राँक्समध्ये १४९वा रस्ता–ग्रँड काँकोर्स नावाचं स्टेशन आहे. तिथल्या फलाटावरचं एक बाकडं या मंडळींचा कट्टा होतं, रायटर्स बेंच. शाळा सुटली की तिथे बसायचं, मांडीवर स्केचची काळी वही, आणि २ व ५ नंबरच्या गाड्या येताना बघायच्या. कुणाचं नाव आलं, कुणाचं पुसलं, कुणी नवीन बाण काढला. विचार करा, भिंतीवर लिहिलं तर गल्ली वाचणार. गाडीवर लिहिलं तर तुम्ही घरी झोपलेले असताना तुमचं नाव ब्राँक्समधून निघून ब्रुकलिनपर्यंत फिरून येणार! ज्या पोराच्या वस्तीत कुणी पाऊल टाकत नव्हतं, त्याचं नाव रोज सकाळी सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोरून जात होतं. वर्गशिक्षकांना द्यायचं उत्तर मला या बाकड्यावर मिळालं.

काम मात्र रात्रीचं, आणि जिवावरचं. गाड्या उभ्या असतात त्या यार्डात शिरायचं. रुळाशेजारची तिसरी पट्टी, गाडीला वीज देणारी, ६२५ व्होल्टची. अंधारात कुठला रंग कुठला ते स्प्रेच्या डब्याच्या झाकणावरून आधीच लावून ठेवायचं. १९८० साली ब्रुकलिनच्या न्यू लॉट्स यार्डात मार्था कूपर नावाची छायाचित्रकार ‘डाँडी’ नावाच्या रायटरसोबत आत गेली. तिने काढलेल्या एका फोटोत तो दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आहे, जमिनीपासून वर. एक पाय या गाडीला, दुसरा त्या गाडीला टेकवलेला, आणि हात वर करून रेघ ओढतोय. मागे सरकून काम कसं दिसतंय ते बघायला जागाच नाही. अख्ख्या डब्याएवढं अक्षर त्याने नाकापासून हातभर अंतरावरून काढलं. आपले रांगोळीवाले निदान उठून चार पावलं मागे जातात.

याच सुमारास फॅब फाइव्ह फ्रेडी नावाच्या रायटरने गाडीच्या एका डब्यावर ओळीने सूपचे डबे काढले, सूपच्या डब्यांच्या चित्रांनी गाजलेल्या अँडी वॉरहॉल या चित्रकाराला सलाम म्हणून. इक्वाडोरमध्ये जन्मलेली, क्वीन्समध्ये वाढलेली लेडी पिंक १९७९ पासून या पुरुषी कळपात घुसली आणि टिकली.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या बोलण्यावरून वाटेल की सगळे टाळ्याच वाजवत होते. सगळं रंगवायचं म्हणजे खिडक्याही रंगायच्या. आपल्या लोकलच्या खिडकीतून स्टेशनचं नावच दिसलं नाही तर? डब्यांच्या आत तर कलाबिला काही नव्हती, छतापासून बाकापर्यंत नुसते टॅग. लोकांना त्या गाडीत बसायची भीती वाटायची, आणि ती खोटी नव्हती. त्या काळचं न्यूयॉर्क कंगाल आणि गुन्हेगारीने पोखरलेलं होतं.

आणि तुम्ही विचारण्याआधीच सांगतो. गडावर जाऊन बुरुजावर नाव कोरणारा याच पंगतीत बसतो का? माझ्या लेखी नाही. गाडी धुता येते. रायगडाचा चिरा पुन्हा आणता येत नाही.

सरकारने काय काय केलं! १९७२ला कायदा. मग यार्डात रसायनाने धुणारं यंत्र, त्याला पोरं ‘बफ’ म्हणायची. १९८१ला तारांची कुंपणं आणि कुत्री. महापौर एड कॉच तर म्हणाले होते की माझं चाललं असतं तर लांडगे सोडले असते. काही उपयोग झाला नाही. मग १९८४ला रेल्वेचे प्रमुख म्हणून आले डेव्हिड गन. त्यांनी नियम काढला की एकदा साफ केलेला डबा रंगलेल्या अवस्थेत पुन्हा प्रवासी घेऊन धावणार नाही. लिहा, हवं तितकं लिहा, गाडी यार्डाबाहेर येणारच नाही. सहा हजारांवर डबे होते, पाच वर्षं लागली. १२ मे १९८९ला शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली.

मला विचाराल तर ग्राफिटी सगळ्यात नीट कुणाला कळली असेल तर ती गनला. समीक्षक रंगांवर लिहीत बसले. या माणसाने ओळखलं की पोरांना रंग नको आहे, फेरी हवी आहे. त्याने नावाची फेरी बंद केली.

पण तोवर उशीर झाला होता. हेन्री शाल्फंट नावाचा शिल्पकार समोरच्या फलाटावर उभा राहून, गाडी थांबते त्या काही क्षणांत, सरकत सरकत तीन-चार फोटो काढायचा आणि घरी कापून-चिकटवून अख्खा डबा एका पट्टीत जोडायचा. त्याचे आणि कूपरचे फोटो १९८४ला ‘सबवे आर्ट’ या पुस्तकात आले. गाड्या धुतल्या गेल्या, पुस्तक जगभर फिरलं. युरोपातल्या ज्या पोरांनी न्यूयॉर्क पाहिलंही नव्हतं, ती त्या फोटोंवरून अक्षरं गिरवायला लागली. ब्राझीलचं मात्र वेगळं. साओ पावलोत ‘पिशासाँव’ म्हणून उभी, काटकुळी, काळी अक्षरं असतात, हेवी मेटल संगीताच्या रेकॉर्डवरच्या लिपीवरून उचललेली, आणि ती लिहायला पोरं दोरीशिवाय इमारती चढतात. २०११ला तिथल्या कायद्याने मालकाच्या परवानगीने काढलेल्या ग्राफिटीला गुन्ह्यातून वगळलं. पिशासाँव गुन्हाच राहिला. म्हणजे चित्र चालेल, नाव चालणार नाही.

आपल्याकडेही चित्रच आलं. २०१७ला मुंबईत ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला, भिंती सुंदर रंगल्या. परवानगीने, दिवसाउजेडी. मला ती कामं आवडतात, पण त्याला ग्राफिटी म्हटलं की तोंडात खडा येतो. मूळ जातीची ग्राफिटी २०२२ला अहमदाबादेत आली होती. मेट्रोचा डबा रंगवला म्हणून चार इटालियन धरले गेले. स्वतःच्या देशातल्या गाड्या सोडून इथे कशाला आले, असं पोलिसांना वाटलं असेल. त्यांना माझं ‘८ ब’ दाखवायला हवं होतं.

[स्क्रीनवर: क्वीन्समधल्या इमारतीचा फोटो]

गाड्या गेल्यावर न्यूयॉर्कच्या रायटरांना एक भिंत मिळाली. क्वीन्समध्ये लाँग आयलंड सिटीत एका जुन्या कारखान्यावर, मालकाच्या परवानगीने. नाव फाइव्ह पॉइंट्झ. शेजारून पुलावरून ७ नंबरची गाडी जाते. पूर्वी लोक उभे आणि नावं धावायची, आता नावं उभी आणि लोक गाडीतून बघत जायचे. ‘मीरेस वन’ नावाचा रायटर कुणाला कुठे किती जागा द्यायची ते बघायचा. जगभरातून माणसं लिहायला यायची.

जागेचा भाव वाढला आणि मालक जेरी वुल्कॉफला टॉवर बांधायचे होते. १९ नोव्हेंबर २०१३च्या पहाटेपर्यंत सगळं पांढरं झालं होतं. रात्रीतून, न सांगता. घाईचं काम, त्यामुळे पातळ चुन्याखालून अक्षरं दिसतच राहिली. पाडकाम दुसऱ्या वर्षी झालं. २१ कलाकार कोर्टात गेले. १९९०चा अमेरिकी कायदा सांगतो की मान्यता पावलेली कलाकृती हलवायची सोय असेल तर मालकाने कलाकाराला ९० दिवसांची नोटीस द्यावी. फेब्रुवारी २०१८ला न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई लावली. २०२०मध्ये अपिलातही तीच कायम झाली.

आज तिथे दोन उंच टॉवर आहेत, हजारावर भाड्याचे फ्लॅट. चित्रं मालकाला नको होती, पण पाडकामाच्या वर्षीच त्याच्या कंपनीने एका गोष्टीच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता.

[फोटो: टॉवरच्या दारावरची पाटी]

इमारतीचं नाव वाचा. फाइव्ह पॉइंट्झ.