दिवसाला पाच

(कॅलेंडरचं पान. पेन्सिलनं लिहिलेले बारीक आकडे.)

इंदूर. रामबागेतलं आमचं जुनं दुमजली घर. या कॅलेंडरवर तारखेच्या वर दुधाचं माप असतं आणि खाली विजेच्या मीटरचा आकडा. रोज पूजा आटोपली की आजी चष्मा पुसते, जिन्याखालच्या मीटरपुढे उभी राहते आणि सरकत्या आकड्यांतून आपल्याला हवा तो येईपर्यंत थांबते. मग आजच्यातून कालचा वजा करते.

"साडेचार," ती म्हणते. काल बरं गेलं म्हणायचं.

पाच ही तिची लक्ष्मणरेषा. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहिलात तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत, वरच्या पन्नासाला नेहमीचा दर. दीडशे ओलांडली की सवलत सगळीच जाते आणि बिल दुपटीच्या घरात पोचतं. दीडशे भागिले तीस, दिवसाला पाच. रीडिंगवाला दोन दिवस उशिरा आला तर मर्यादाही त्या दिवसांच्या हिशेबानं वाढवून धरतात, हेही तिला पाठ आहे.

(वरचा मजला. एसीचा आवाज.)

वर आम्ही राहतो. घरात चुली दोन, मीटर दोन. आमच्याकडे दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन, आणि बाबांचा रात्रभर चालणारा टीव्ही. उन्हाळ्यात आमचं बिल साडेचारशे युनिटांच्या खाली कधी उतरलं नाही. वरच्या टप्प्यातलं युनिट शुल्क वगैरे धरून सात रुपयांच्या पुढे जातं, त्यामुळे ते बिल जिन्यातच उघडून वाचायची हिंमत कोणाला होत नसे.

2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्य घर योजना आली आणि बाबांनी ठरवलं, गच्चीवर पॅनेल लावायचे. तीन किलोवॉटच्या संचाला केंद्राचं अनुदान 78 हजार रुपये. पहिल्या दोन किलोवॉटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा. हे पैसे आधी मिळत नाहीत. आधी खिशातून सगळे भरायचे, संच चालू झाला की अनुदान बँकेत येतं. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे आमची जवळजवळ निम्मी गच्ची.

आणि गच्ची आजीची.

(गच्ची. जुन्या साडीवर पापड, कडेला कुरडया.)

चैत्र-वैशाखात हे ऊन तिचं असतं. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची मिरची. ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन आला तेव्हा साडीचं एक टोक उचलून तो म्हणाला, "माताजी, धूप तो सबसे अच्छी यहीं है।" आजी म्हणाली, "मालूम है. चालीस साल से मालूम है."

तोड निघाली ती अशी: पॅनेल खाली न टेकवता आठ फूट उंच खांबांवर, म्हणजे खालून वावरता येईल. त्याचे पैसे जास्त पडले. पण सावलीत पापड वाळत नाहीत, म्हणून पूर्वेचा सात फुटी पट्टा मोकळा सोडला. आजीनं खडूनं रेघ मारून दिली.

ठेकेदाराची चूक पुढे कळली. पाण्याची टाकी नैऋत्येच्या कोपऱ्यात होती आणि दुपारी तीननंतर तिची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडायची. हातभर सावली. पण पॅनेल एका ओळीत जोडलेले असतात. एकानं दम टाकला की बाकीच्यांचीही चाल मंदावते. मोबाइलवरच्या आलेखात रोज तीनला एक पायरी दिसायची. महिनाभर आम्ही सोलरच्या इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला, दोष देत होतो. सावलीकडे बोट दाखवलं ते आजीनं. उन्हाची चाल तिच्याइतकी या घरात कोणाला ठाऊक? टाकी हलवली, पायरी गेली.

तीन किलोवॉटवर चांगल्या दिवशी बारा-तेरा युनिटं होतात. मे महिन्यात सर्वांत जास्त होतील असा आमचा समज होता. पण पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. काच तापली की वीज घटते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधला स्वच्छ, गार वाऱ्याचा दिवस मेच्या भट्टीला सहज गाठतो. पावसाळ्यात मात्र काही दिवस तीन-चार युनिटांवर भागवावं लागतं.

(पहाट. आई वायपरनं पॅनेल पुसते आहे.)

धुळीचा थर बसला की आकडा उतरतो, म्हणून पंधरा दिवसांनी ही अंघोळ. पहाटेच घालायची, तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. आणि बोअरचं पाणी नको, ते खार धरतं. नर्मदेचंच हवं.

(दुपार. पंखा हळूहळू थांबतो.)

जूनमधली ही दुपार. लाइट गेली. वर ऊन रणरणतंय, पॅनेल भरात आहेत, आणि आमच्या मजल्यावर पान हलत नाही. साध्या, बॅटरी नसलेल्या संचाचं हे असंच असतं. लाइन मेली की तोही स्वतःला बंद करून घेतो. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज तारेत शिरायची आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला धक्का बसायचा. कारण पटतं. घाम थांबत नाही.

खाली आजीचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर सुरू. सगळं घर तिच्या पंख्याखाली येऊन बसलं.

"एवढं ऊन वर टांगलंत," ती म्हणाली, "आणि वारा घ्यायला खाली आलात?"

(दोन बिलं शेजारीशेजारी.)

वरचं बिल आता बरंच खाली आलं. दिवसा जास्तीची वीज लाइनवर जाते, रात्री तिथूनच परत घेतो आणि मीटर दोन्ही मोजतो. उरली तर पुढच्या महिन्याला. त्यामुळे मशीन दुपारीच लावायची धडपड आईनं सोडून दिली. मात्र शून्य बिलाच्या जाहिरातींवर जाऊ नका, स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो लागणारी रक्कम, भरावाच लागतो. आमच्या हिशेबानं खर्च निघायला पाचेक वर्षं लागतील.

मग खालच्या मीटरलाही सोलर का नाही? बाबांनी विचारलं होतं. आजीचं बिल चार-पाचशे रुपये. त्यातून वाचणार किती आणि गुंतवणार किती? दीडशेच्या आतल्या घरानं उगीच शेजाऱ्याचं बघून घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिच्या मजल्यावर आम्ही फक्त पंखे बदलले. जुना पंखा पाऊणशे वॉट खायचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक. दोन पंखे, दिवसाचे अठरा तास. रोज दीड युनिट वाचलं. पाचातलं दीड! पहिल्या दिवशी तिनं वजाबाकी दोनदा केली.

(नळ. पाण्याची धार.)

हे पाणी एक दिवसाआड येतं. 1978 पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितंय. सत्तरेक किलोमीटरवरच्या, नर्मदाकाठच्या जलूदहून, विंध्य चढवून आणलेलं. त्या चढाचं विजेचं बिल महिन्याला कोट्यवधी रुपये. 2023 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज, काढून 244 कोटी रुपये उभे केले, सव्वाआठ टक्के व्याजानं, जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प बांधण्यासाठी.

आजीला हे वाचून दाखवलं. "म्हणजे पालिकेलाही वरच्या मजल्यासारखं बिल येत होतं," ती म्हणाली, आणि मोटर लावायला उठली. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, चाळीस मिनिटं. टाकी भरून वाहायच्या आत बंद करायची असते.

(कॅलेंडर. आजीचा हात.)

आज एकतीस तारीख. पेन्सिलीला टोक केलं. एकशे त्रेचाळीस.

"सात उरली," ती म्हणते. "संध्याकाळी इडलीचं वाटून टाकते."