टीव्हीवरचा कपडा कुणाच्या मापाने बेतला जातो

[दृश्य: स्टुडिओ. एकच टॉप घातलेल्या तीन मॉडेल शेजारीशेजारी चालत येतात.]

डावीकडची मॉडेल पाच फूट दहा इंच उंच, अंगात स्मॉल. मधली पाच फूट दोन इंच, तिला पेटीट, म्हणजे उंचीने लहान बायकांसाठीच्या मापातला, मीडियम. उजवीकडची टू-एक्स, म्हणजे स्थूल अंगाच्या मोठ्या साइझची. टॉप तोच, रंगही तोच. सूत्रसंचालिका किंमत आणि रंगाच्या आधी टॉपची उंची सांगते: मानेच्या मागच्या हाडापासून खालच्या दुमडीपर्यंत २७ इंच. घरी बघत बसलेल्या बाईचा पहिला प्रश्न हाच असतो. हा टॉप माझं पोट आणि मागची बाजू झाकेल का?

ती बाई बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेली असते. अमेरिकेत टीव्हीवरून होणारी कपड्यांची विक्री तिच्या जिवावर चालते. तिथल्या कपड्यांना 'म्हाताऱ्या बायकांचे कपडे' म्हणून नाकं मुरडली जातात. पण त्यातला एक टॉप उलटा करून शिवणी नीट बघितल्या, तर वयाचा विचार किती बारकाईने केलाय ते कळतं. मॉलमधल्या दुकानांनी हे काम सहसा टाळलं.

[दृश्य: जुन्या टीव्ही संचावर हलणारं चित्र, कोपऱ्यात फोन नंबर.]

सुरुवात कपड्यांपासून झाली नाही. १९७७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी एका रेडिओ केंद्राला जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडण्याची यंत्रं दिली. निवेदकाने ती बोलता बोलता विकून टाकली. त्यातून १९८२ मध्ये स्थानिक केबलवर विक्रीचा कार्यक्रम आला आणि १९८५ मध्ये तो होम शॉपिंग नेटवर्क, म्हणजे एचएसएन, या नावाने देशभर दिसू लागला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरमधून क्यूव्हीसी ही अशीच दुसरी विक्री वाहिनी सुरू झाली.

फॅशनच्या जगाने या वाहिन्यांकडे मान वळवली ती १९९२ मध्ये. डिझायनर डायान फॉन फर्स्टेनबर्ग यांनी क्यूव्हीसीवर रेशमी कपडे आणले आणि पहिल्या दोन तासांत १२ लाख डॉलरची विक्री झाली. १९९५ मध्ये जीन बाइस आल्या, 'क्वॅकर फॅक्टरी'चे भरतकाम आणि टिकल्यांचे स्वेटर घेऊन. त्या स्वेटरना न्यूयॉर्कच्या फॅशन मासिकांत जागा मिळाली नसती. पण साठीच्या बायका फोन लावून थेट प्रक्षेपणात बाइसबाईंशी गप्पा मारत आणि सणासुदीला तेच स्वेटर अंगात घालत.

त्या गप्पांच्या मागे व्यवसायाचं गणित आहे. क्यूव्हीसीची नव्वद टक्क्यांहून जास्त विक्री पूर्वी खरेदी केलेल्या ग्राहकांकडूनच होते. जी बाई चाळिशीत पहिला टॉप घेते, ती साठीतही घेत राहते. वाहिनी तिच्याबरोबर वयाने वाढते, आणि तिच्या अंगाचं माप बदलतं तसा कपड्याचा बेतही बदलावा लागतो.

[दृश्य: कापणीचं टेबल. कागदी पॅटर्नवर दुसरा पॅटर्न ठेवलेला, दोन रंगांच्या रेषा.]

अमेरिकेतल्या तयार कपड्यांच्या साइझचं मूळ १९३९-४० मधल्या एका सरकारी मोजणीत आहे. कृषी खात्याने सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली होती. त्यात तरुण, गोऱ्या बायकांचाच भरणा होता. त्या मापांवरून १९५८ मध्ये साइझचं प्रमाण ठरलं, पुढे ते बदललं आणि १९८३ मध्ये सरकारने मागेही घेतलं. तरुण अंगाचा तो साचा मात्र कारखान्यांत टिकून राहिला. ५५ वर्षं आणि त्यापुढच्या बायकांसाठी एएसटीएम या मानक संस्थेचा वेगळा तक्ता यायला १९९० चं दशक उजाडलं. डी ५५८६ हा त्याचा क्रमांक.

वेगळा तक्ता का लागतो, ते टॉपच्या पॅटर्नवर, म्हणजे कापड कापायच्या कागदी साच्यावर, दिसतं. वयाबरोबर पाठीचा वरचा भाग थोडा गोल होतो, खांदे पुढे येतात, छातीचा उंचवटा खाली उतरतो आणि कंबर-नितंबांतला फरक कमी होतो. तरुण साच्यावर बेतलेला टॉप अशा अंगावर मागून वर चढतो, पुढून लोंबतो आणि गळा मागे ओढला जातो. बाई दिवसभर तो पुढे खेचत राहते. दोष तिच्या अंगाचा नसतो, मागच्या तुकड्याची उंची कमी पडलेली असते.

दुरुस्ती तीन-चार ठिकाणी करावी लागते. मानेपासून कमरेपर्यंत पाठीची उंची साधारण अर्धा इंच वाढवायची, पुढची तेवढी कमी करायची. खांद्याची शिवण पाव ते अर्धा इंच पुढे आणायची. छातीचा टक्स, म्हणजे उभारासाठी शिवलेली चुणी, इंचभर खाली घ्यायचा. तो जुन्या जागी राहिला तर टक्सचं टोक रिकामं फुगतं आणि कॅमेऱ्यावर ती सुरकुती ठळक दिसते. दंडाला दोन ते तीन इंच सैलपणा ठेवायचा. इथे नवखा पॅटर्नमेकर हमखास फसतो. बाही रुंद करायची म्हणून तो मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल करतो. मग हात वर केला की अख्खा टॉप वर येतो. मुंढा वरच ठेवून बाहीचा गोल भाग रुंद आणि थोडा बसका करणं हा बरोबर मार्ग.

बाही पाऊण लांबीची का, याचंही कारण आहे. कोपराच्या वर संपणारी बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर आडवी रेघ ओढते. कोपर आणि मनगटाच्या मध्ये संपणारी बाही हात बारीक होतो तिथे थांबते, आणि उंचीने लहान असलेल्या बाईलाही ती कापून आखूड करावी लागत नाही.

[दृश्य: पुल-ऑन पॅंटचा नेफा दोन्ही हातांनी ताणला जातो. शेजारी मोजपट्टी.]

पुल-ऑन पॅंट, म्हणजे चेन-बटण नसलेली, नेफ्यात इलास्टिक असलेली पॅंट, हा या विक्रीचा कणा आहे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना बारीक बटण लागत नाही, आणि खांदा पूर्ण फिरत नसेल तर ड्रेसची पाठीवरची चेन ओढता येत नाही. वाहिनीवर पाठीला चेन असलेले ड्रेस कमी दिसतात ते यामुळेच.

पण पुल-ऑन पॅंट वाटते तितकी सोपी नाही. कंबर ३८ इंच आणि नितंब ४४ इंच असतील, तर नेफा कमरेवर ३८ ला थांबायला हवा आणि चढवताना किमान ४४ पर्यंत ताणला जायला हवा. इलास्टिक ताणलं आणि कापड ताणलं नाही, तर नेफ्याचा घेर ४४ इंच ठेवावा लागतो. मग ते जास्तीचे सहा इंच पोटावर चुण्या होऊन बसतात, वरच्या टॉपखालून दिसतात आणि पॅंट परत येते. म्हणून कापडातच स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, लागतो. इलास्टिक दीड इंच रुंद घ्यायचं आणि नेफ्यात दोन-तीन ठिकाणी शिवून टाकायचं. मोकळं सोडलं तर दोन धुण्यांत ते पिळून दोरी होतं.

खरा कस आसनात, म्हणजे नेफ्यापासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतच्या भागात, लागतो. पोट पुढे आलेलं आणि मागचा भाग सपाट झालेला, म्हणजे पुढचं आसन वाढवावं लागतं आणि मागचं कमी करावं लागतं. हे केलं नाही तर पुढे नेफा पोटाखाली घसरतो आणि मागे नितंबांखाली कापडाची झोळी होते. वेस्टबॅंड सैल आहे, एवढीच तक्रार ग्राहक लिहून पाठवते. ती वाचून खरेदी विभागाने पुढच्या खेपेला इलास्टिक घट्ट केलं, की तीच पॅंट आणखी वाईट बसते.

मोठ्या साइझची गोष्ट आणखी वेगळी. मीडियमचा पॅटर्न सगळीकडून सारखाच वाढवत थ्री-एक्सपर्यंत नेला, तर गळा आणि खांदे भलतेच रुंद होतात. हाडं त्या प्रमाणात वाढत नाहीत. वन-एक्सपासून पुढे वेगळा मूळ पॅटर्न आणि त्याचं वेगळं फिटिंग करावं लागतं. हा खर्च वाचवला तर माल नीट बसत नाही.

[दृश्य: सूत्रसंचालिका कापड मुठीत चुरगाळते, सोडते, कॅमेऱ्यासमोर धरते.]

टीव्हीवरून कापडाला हात लावता येत नाही, तेव्हा हात लावण्याचं काम सूत्रसंचालिकेला करावं लागतं. ती कापड चुरगाळते, ताणते, उजेडाकडे धरून आत हात घालते. स्पॅन्डेक्स घातलेलं रेयॉनचं जर्सी कापड अंगावर सुळसुळीत पडतं, पण स्वतःच्या वजनाने दिवसभरात लांब होतं. २७ इंचांचा टॉप संध्याकाळी २८ चा वाटतो. पॉन्टे हे दुहेरी विणीचं कापड जाड असतं, चौरस मीटरला २८० ते ३२० ग्रॅमचं, आकार धरून ठेवतं, पण उकडतं. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. बिनबाह्यांचा टॉप आणि वर उघडं जॅकेट अशा जोड्या इतक्या विकल्या जातात त्याचं हे एक कारण. गरज लागली की वरचं काढून ठेवता येतं.

कॅमेऱ्याची स्वतःची तक्रार असते. अगदी बारीक पट्टे आणि छोट्या चौकड्या पडद्यावर लहरी मारतात. काळ्या कापडावरची शिवण दिसेनाशी होते, म्हणून त्याला मागून वेगळा दिवा द्यावा लागतो. मोरपंखी आणि जांभळा हे रंग घरोघरच्या टीव्हीवर वेगवेगळे दिसतात आणि परतीच्या अर्जावर 'रंग वेगळा' असं लिहून येतं. भरतकाम खांद्यापाशी, वरच्या एक तृतीयांशात ठेवतात. जवळच्या चौकटीत तेवढाच भाग दिसतो आणि नजर चेहऱ्याकडे जाते. त्याच्या आत अस्तर नसेल तर मात्र घात होतो. वयाने त्वचा पातळ होते आणि टिकल्यांचे मागचे धागे टोचतात.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. पडद्यावर साइझनुसार उरलेला साठा.]

नियंत्रण कक्षात मोजलं जातं ते दर मिनिटाला किती डॉलर आले. क्यूव्हीसीवर दिवसाची खास वस्तू मध्यरात्री लागते आणि चोवीस तास चालते, व्याज न लावता हप्ते पाडून मिळते. बाकीच्या कपड्यांना सात-आठ मिनिटं मिळतात. निर्मात्याचा आवाज सूत्रसंचालिकेच्या कानात असतो: टू-एक्स संपत आला, नेव्ही रंग संपला.

इथे वय पुन्हा आडवं येतं. समजा ५००० टॉप मागवले आणि तरुण दुकानाच्या हिशोबाने निम्मे स्मॉल-मीडियम घेतले. पहिल्या काही मिनिटांतच लार्ज ते टू-एक्स संपतात, उरलेला वेळ सूत्रसंचालिका असा माल दाखवत राहते जो बघणारीला होतच नाही, आणि पुढे गोदामात स्मॉलचे खोके पडून राहतात. विक्री चांगली झाली असं कागदावर दिसतं, पण नफा त्या खोक्यांत अडकतो.

माल तीस दिवसांत परत करता येतो. क्यूव्हीसीच्या लेबलवर पाठवला तर लेबलचा खर्च परताव्यातून कापला जातो. त्यामुळे टीव्हीवरून घेणाऱ्यांनी साइझच्या अक्षरावर विसंबू नये, तयार कपड्याचं माप विचारावं. आपला नीट बसणारा टॉप टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, दुप्पट करावा आणि वाहिनीच्या तक्त्यातल्या कपड्याच्या मापाशी ताडून बघावा. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत तीन-चार इंचांचा फरक असतो. या दोन तक्त्यांची गल्लत झाल्यानेच बरेच खोके परतीच्या वाटेला लागतात. पॅंटच्या आतल्या पायाची लांबीही बघावी. पेटीटची साधारण २७-२८ इंच, रेग्युलरची ३०.

[दृश्य: फोनच्या उभ्या पडद्यावर थेट प्रक्षेपण.]

२०२४ मध्ये क्यूव्हीसीने पन्नाशीपुढच्या बायकांना उघडपणे मध्यभागी ठेवून मोहीम काढली. आम्हाला हा निर्णय पटतो, तो उशिरा झाला एवढंच. गिऱ्हाईक तरुण करण्याच्या नादात तरुण अंगाचा तो जुना साचा वापरला असता, तर आहे तेही निघून गेलं असतं. खरी अडचण केबलची आहे. अमेरिकेतली घरं केबल बंद करत चालली आहेत आणि वाहिन्या चाळताना सहज समोर येणारा हा कार्यक्रम त्यांच्या वाटेतून नाहीसा होतो. स्ट्रीमिंगवर तो मुद्दाम शोधावा लागतो. २०२५ मध्ये क्यूव्हीसी टिकटॉकवर अमेरिकेत चोवीस तास थेट विक्री करू लागलं.

फोनचा पडदा उभा असतो. त्यात तीन मॉडेल शेजारीशेजारी डोक्यापासून पायापर्यंत दाखवल्या तर तिघी बोटाएवढ्या दिसतात, आणि एकीलाच जवळून दाखवलं तर टॉपची खालची दुमड चौकटीबाहेर जाते. म्हणून एकेका साइझची मॉडेल पाळीपाळीने उभी करावी लागते, आणि टॉपची उंची प्रत्येकीच्या वेळी पुन्हा सांगावी लागते.