कोटा कुणाच्या नावावर?

मंडळी, दुधाचा भाव पडला की आपल्याकडे रस्त्यावर दूध ओतलं जातं. मग बैठकीत कुणीतरी उठून म्हणतं, ‘युरोपात होता तसा कोटा लावा, लहान शेतकरी वाचेल.’ मागणी कळकळीची आहे. पण लहान शेतकरी वाचणार की नाही, हे कोट्याच्या वाटपावर ठरतं.

युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाने, १९८४ साली दूधकोटा आणला: कुणी किती दूध घालायचं याची मर्यादा. सरकारी खरेदीमुळे शीतगृहांत लोणी साचलं होतं, त्यावर हा उपाय. कोट्यापेक्षा जास्त दूध घातलं तर दंड. पण कुणाला किती कोटा? आधीच्या एका ठरावीक वर्षी, म्हणजे आधारवर्षी, कुणी किती दूध घातलं ते पाहून. म्हणजे ज्याचा गोठा मोठा, त्याचा कोटाही मोठा.

नेदरलँड्सच्या मुल्डर नावाच्या शेतकऱ्याचं काय झालं ऐका. दूध कमी व्हावं म्हणून समुदायानेच पाच वर्षं दूधविक्री थांबवणाऱ्यांना अनुदान दिलं होतं. त्याने ते घेतलं, शब्द पाळला. १९८४ मध्ये परत धंद्यात येऊ पाहतो, तर आधारवर्षातला पुरवठा शून्य, म्हणून कोटाही शून्य! युरोपीय न्यायालयाने १९८८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. आता आपल्याकडचं सांगा: २०२२ च्या लम्पीत ज्याच्या दावणीच्या गायी गेल्या, त्याचं आधारवर्ष कोणतं धरणार?

दुसरा प्रश्न, शेतकरी धंदा सोडतो तेव्हा त्याचा कोटा कुठे जातो? ब्रिटनने कोट्याची खरेदी-विक्री होऊ दिली, तो भाड्यानेही मिळू लागला. गोठा मोडलेला माणूस घरी बसून भाडं घेई आणि पहाटे उठून धार काढणारा ते भरत असे. फ्रान्सने अनेक वर्षं असा बाजार होऊ दिला नाही. तिथे कोटा जमिनीशी जोडलेला होता. सुटलेला कोटा राखीव साठ्यात जमा व्हायचा आणि तिथून तरुण व लहान शेतकऱ्यांना प्राधान्याने मिळायचा. गोठे तिथेही घटले, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी मला फ्रान्सची वाट जास्त न्याय्य वाटते.

कॅनडात कोटा आजही आहे. सुरुवातीला तो फुकट वाटला गेला. आज ऑन्टारिओत रोज एक किलो स्निग्धांशाच्या, म्हणजे साधारण एका गायीच्या दुधाच्या, कोट्यासाठी २४,००० कॅनडियन डॉलरपर्यंत मोजावे लागतात. आणि ही तर ठरवून दिलेली कमाल किंमत आहे. तिथे भाव स्थिर आहे, हे खरंच. पण नवख्या पोराने पन्नास गायींचा गोठा उभा करायचा तर गायी घेण्याआधीच बारा लाख डॉलर लागतील.

युरोपातला कोटा २०१५ मध्ये उठला, भाव कोसळले, आणि पुढच्याच वर्षी दूध कमी घालणाऱ्याला किलोमागे १४ युरो-सेंट द्यायची वेळ आली.

आपल्याकडे कोटा आणायचाच असेल, तर माझ्या दोन अटी आहेत. रोजचे पहिले वीस लिटर सगळ्यांना मोकळे ठेवा, कपात त्याच्या वरच्या दुधाला लावा. सुटलेला कोटा विकू देऊ नका, तो तालुक्याच्या साठ्यात परत घ्या. आणि आणखी एक. आपल्याकडे अनेक घरांत शेणघाण, वैरण, धार सगळं बाई करते आणि संस्थेतलं खातं नवऱ्याच्या नावावर असतं. कोट्याच्या कागदावर तिचं नाव आधी लिहा.